बाप नागपूरले राह्यते

रायपुरात कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायला निघालेल्या माणसाला नर हवा की मादी, काळं हवं की पिवळं, असलं आधी कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो तो असा: "सर, विद पेपर या विदाउट पेपर?" मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पेपरवर शू करायला शिकलेलं पिल्लू हवं की न शिकलेलं, असं विचारतोय. सोय बघून मी म्हणालो, "विद पेपर." फोनवरचा आवाज एकदम आदबशीर झाला. "फिर दस हजार एक्स्ट्रा लगेगा, सर." दहा हजारांत किती वर्षं पेपर येईल, आणि तेवढी वर्षं हे पिल्लू दुसरीकडे शू करायला शिकणारच नाही का, असा हिशेब मी करत होतो. तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

लेक नोकरीला पुण्याला गेली आणि हे सगळं सुरू झालं. समता कॉलनीतलं आमचं घर काही मोठं नाही, पण दोन माणसं आणि एक टीव्ही एवढ्यांना ते पुरून उरायला लागलं. लेकीने तिकडून फर्मान काढलं, "बाबा, लॅब्राडोर आणा. पण ब्रीडर नीट बघून. मागच्यासारखं नको." मागच्यासारखं म्हणजे काय ते पुढे येईलच. तूर्त एवढंच सांगतो की, सेवानिवृत्तीला दीड वर्ष उरलेला बाप ज्या चिकाटीने मुलीला स्थळं बघतो, त्या चिकाटीने मी कुत्र्याचं स्थळ बघू लागलो. लेक म्हणाली, चालू दे, तेवढाच मला आराम.

या धंद्याची म्हणून एक भाषा आहे. 'हेवी बोन' म्हणजे पाय दणकट. 'पंच फेस' म्हणजे नाक आखूड आणि तोंड रुंद. मला आधी वाटलं, कोणीतरी ठोसा मारलाय. 'इम्पोर्टेड लाइन' म्हणजे पिल्लाचे कोणीतरी आजोबा-पणजोबा विमानाने आले होते. आपल्याकडेही एखाद्याचा चुलतभाऊ अमेरिकेत असला की त्या घराण्याला अशीच लाइन लागते. 'शो क्वालिटी' म्हणजे प्रदर्शनात मिरवण्याजोगं, आणि 'पेट क्वालिटी' म्हणजे मिरवण्याजोगं नाही, पण घरात ठेवायला हरकत नाही. हे ऐकून ही माझ्याकडे बघून हसली. तिच्या मते, मी दाखवला गेलो शो क्वालिटी म्हणून.

पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं वंशावळीचं सर्टिफिकेट. त्यावर तीन पिढ्या असतात: आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. एकूण चौदा नावं. तीन पिढ्या म्हटल्यावर मला पितृपक्षच आठवला. श्राद्धाला गुरुजी बाप, आजा, पणजा विचारतात, आणि दरवर्षी पणजोबांपाशी माझी गाडी अडखळते. वडिलांच्या बाजूला कसंबसं जमतं. आईच्या बाजूला गेलो की मी नुसते ओठ हलवतो आणि गुरुजी दयेने पुढे सरकतात. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या माणसांबरोबर इकडे आले, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन बसले, हे इतिहासात आहे. त्यांच्या मागे आमचा कोणी होता, याला पुरावा फक्त माझ्या आजोबांच्या मिशा. म्हणजे आम्ही विदाउट पेपरच. आणि भाषेचं विचाराल तर उघड-उघड क्रॉस. 'पाणी येऊन राहिलं', 'मी जाऊन राहिलो', असं आम्ही बोलायला लागलो की पुण्याची चुलतबहीण कान टवकारते. ती काही बोलत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर 'पेट क्वालिटी' स्पष्ट वाचता येतं.

शुद्ध, शुद्ध म्हणून ज्याचा गवगवा होतो ती शुद्धता तरी किती जुनी? लंडनचा केनेल क्लब निघाला १८७३ साली. त्या क्लबाने लॅब्राडोरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली १९०३ साली. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या माधवराव सप्र्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं होतं. मराठी घरातला माणूस छत्तीसगडात बसून हिंदीत मासिक चालवतो, हा क्रॉस लॅब्राडोरच्या शुद्धतेपेक्षा तीन वर्षांनी वडील आहे, हे मी महाराष्ट्र मंडळात दोघा-तिघांना सांगून पाहिलं. एकाने कौतुकाने मान हलवली. दुसरे गृहस्थ मूळचे सोलापूरकडचे. ते म्हणाले, "मग विलायती घेताच कशाला? आपला कारवान घ्या. मुधोळचा. घोरपडे सरकारांनी नावारूपाला आणलेला." मुधोळ हाउंडवर २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालंय, हे मलाही माहीत होतं. पण ते कुत्रं वाऱ्यासारखं पळणारं, सशामागे माळ तुडवणारं. आमच्याकडे सर्वांत लांब पल्ला म्हणजे हॉल ते स्वयंपाकघर, आणि वाटेत डायनिंग टेबल.

आता मागचं सांगतो. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला तो पग २००३ साली टीव्हीवर आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गल्लोगल्ली पग घोरत होते. लेक तिसरीत असताना आम्हीही एक आणला. दुकानातून. काचेच्या खोक्यात सहा होते, त्यातला जो झोपलेला होता तो लेकीला आवडला. शांत आहे म्हणून. तो शांत नव्हता, आजारी होता, हे कळायला पाच दिवस लागले. दुकानदाराने पावतीवर शिक्का मारून दिला होता: 'हेल्थ गारंटी ४८ घंटे'. पाचव्या दिवशी रात्री उलट्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी रक्त पडायला लागलं, सातव्या दिवशी संपलं. डॉक्टरांनी तेव्हा शांतपणे समजावून सांगितलं. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. दुकानातून निघताना पिल्लू उड्या मारत असेल तरी आत काय चाललंय ते कळत नाही. मी तो शिक्का पुन्हा बघितला. अठ्ठेचाळीस तास. तो आकडा ज्याने कोणी ठरवला असेल, त्याचा अभ्यास दांडगा होता.

त्या पिल्लाची स्टीलची वाटी अजून आहे. ही तिने कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी घालते.

तर या खेपेला मी आधी डॉक्टरांकडे गेलो, मग पिल्लांकडे. आमचे डॉक्टर दुर्गजवळच्या अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. कुत्र्यांशी छत्तीसगढीत बोलतात आणि मालकांशी अजिबात बोलत नाहीत. एका विक्रेत्याने पाठवलेलं सर्टिफिकेट मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वरच्या फांदीवर एक बोट ठेवलं, खालच्या फांदीवर दुसरं, आणि माझी वाट बघत बसले. दोन्ही बोटांखाली एकच नाव होतं. आईचा बाप आणि बापाचा बाप एकच कुत्रा.

"म्हणजे कागद खोटा?" मी विचारलं.

"कागज तो असली है," ते म्हणाले. "वही तो दिक्कत है."

तेव्हा मला उमगलं की कागद आईबाप कोण ते सांगतो, कसे ते सांगत नाही. स्थळ बघताना पत्रिका पाहून झाल्यावर आमची आजी मुलीच्या घरी दुपारच्या वेळी न सांगता जाऊन यायची. मुलीला भेटायला नव्हे, तिच्या आईला. खाण तशी माती, एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी तोच सल्ला दिला. पिल्लू नंतर बघा, आधी आई मागा.

आई मागायला लागल्यावर जी गंमत झाली ती सांगण्यासारखी आहे. एकाची आई फार्महाउसवर होती. एकाची आई "अभी-अभी खाना खाई है, काटेगी" अशी होती. एकाने व्हिडिओ पाठवला. त्यात आई होती, पिल्लंही होती, पण मागे नारळाची झाडं आणि समुद्र. रायपुरात समुद्र म्हणावा असा एक तेलीबांधा तलाव. त्याला आम्ही मरीन ड्राइव्ह म्हणतो हे खरं, पण लाटा अजून आल्या नाहीत. एका दुकानदाराने मात्र खरोखर आई आणली. साखळी धरून, वाजतगाजत. सुरेख कुत्री, तुकतुकीत. डॉक्टरांनी शिकवून ठेवल्याप्रमाणे मी वाकून तिची आचळं बघायला लागलो. दुकानातल्या दोन गिऱ्हाईक बायका माझ्याकडे विचित्र नजरेने बघू लागल्या. पाच आठवड्यांची सात पिल्लं ज्या आईला लुचतात तिची आचळं लोंबून ओघळलेली असतात. हिचं पोट कॉलेजकुमारीसारखं सपाट. आणि पिल्लं तिच्याजवळ सोडली तर ती उठून शिष्टपणे कपाटामागे गेली. मावशीसुद्धा नसावी.

तिथेच मी कायद्याचं बोललो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दल केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. दुकानात मांडून ठेवायचं नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला गाभण होऊ द्यायचं नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचच, आणि आठ वर्षांनंतर तिला सुट्टी. मी अर्धंच म्हणालो असेन. दुकानदार म्हणाला, "सब है, सर," आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन्स दाखवलं. ते दुकानाचं गुमास्ता लायसन्स होतं. पिल्लू किती दिवसांचं, विचारलं. "पैंतालीस." रायपुरातलं विकाऊ पिल्लू नेहमी पंचेचाळीस दिवसांचंच असतं, जसं आमच्या मंडळातल्या नाटकातल्या नायिकेचं वय नेहमी बावीस. आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस होतात. मधले अकरा दिवस आईजवळ काढले तर काय होतं? भावंडांच्या कानाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ मोडतो, हे तिथेच कळतं. ते न शिकलेलं कुत्रं मग हा अभ्यासक्रम तुमच्या घोट्यावर पुरा करतं.

भिलाईला लॅब्राडोर पाळणारे एक काका आहेत, त्यांचा पत्ता डॉक्टरांनीच दिला. देताना म्हणाले, "जाइए, लेकिन वो देंगे नहीं."

टाटीबंध ओलांडलं, खारुनचा पूल गेला, कुम्हारी, चरोदा, भिलाई-३. रविवार होता. ही पुढे बसून ओट्यावर ठेवायच्या डब्यांच्या याद्या करत होती आणि मी मनात प्रश्न घोकत होतो: नोंदणी, लस, आई, एक्स-रे. काका मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, रेल मिलमध्ये लागले, आणि पस्तीस वर्षं रूळ तपासण्यात घालवून निवृत्त झाले. घरासमोर आंब्याचं झाड, झाडाखाली बाज, बाजेखाली एक पिवळी लॅब्राडोर. सर्टिफिकेटवर तिचं नाव साडेतीन ओळींचं आणि विलायती. घरात तिला ठमी म्हणतात.

मी पहिलाच प्रश्न काढला, "पिल्लं कुठे आहेत?"

"पिल्लं नाईत," काका म्हणाले.

"मग आम्हाला बोलावलं ते?"

"तुमाले पाहाले."

आणि काकूंनी पोहे आणले. तर्रीवाले. ही माझ्याकडे बघून पदर सावरून बसली. एकोणतीस वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा दाखवण्याच्या कार्यक्रमात होतो, आणि या खेपेला दोघंही एकाच बाजूला.

मुलाखत पाऊण तास चालली. दुपारी घरी कोण असते? दोघंही गेले गावाले तर? याच्या आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? इथे हिने पगचं सगळं सांगितलं. काकांनी मध्ये अडवलं नाही, शेवटी फक्त विचारलं, "तेव्हाची फरशी धुतली कायनं?" तो विषाणू घरात न् मातीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षही काढतो, हे आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आत्ता कळलं. आता इतक्या वर्षांनी भीती नाही, म्हणाले, पण विचारून ठेवलेलं बरं. आणि लशी एकदा टोचून भागत नाही. आईच्या दुधातून मिळालेली ताकद पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लशीलाही दाद देत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा-पुन्हा. तोवर ते रस्त्यावर, बागेत, दुसऱ्या कुत्र्यांत न्यायचं नाही. "कबूल?" कबूल. घरात फरशी कोणती? गुळगुळीत टाइल असेल तर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात, चटया टाका लागतीन. कबूल. मे महिन्यात कूलर कुठं लावता?

इथे आम्ही गप्प झालो. रायपुरात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो तेव्हा आमच्या हॉलमध्ये एकच कूलर असतो, आणि त्याच्या तोंडासमोर कोणी झोपायचं हा आमच्या संसारातला एकमेव न सुटलेला वाद आहे.

"समोर ही झोपते," मी म्हणालो.

"मी नाही, हे झोपतात," ही म्हणाली.

"तिथं आता तो झोपीन," काका म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

माझी पाळी आली तेव्हा माझे प्रश्न शाळकरी वाटायला लागले. तरी मी नोंदणीचं विचारलं. ती फ्रिजच्या बाजूला लावली होती. ठमीची वेतं किती? दोन. "सरकार पाच म्हणते. मी तिसऱ्यावर थांबवीन. तिलेही कटाळा येते." एक्स-रे विचारला तर काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. आत जाऊन मोठं पाकीट घेऊन आले, फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. ठमी दोन वर्षांची झाल्यावर काढलेली. मांडीच्या हाडाचा गोल डोक्यासारखा भाग खुब्याच्या वाटीत नीट बसलाय का ते बघायचं. वाटी उथळ असली की हाड घासतं, आणि जड अंगाचं कुत्रं पाच-सहा वर्षांत उठताना कण्हायला लागतं. लॅब्राडोरात, अल्सेशियनमध्ये हे घराण्यात चालत येतं.

"रुळाची चीर कुठं असते?" काकांनी विचारलं. "आतमंदी. बाहेरून रूळ कसा, चकचकीत. मशीन लावली का आवाज सांगते. पस्तीस वर्षं मी तेच केलं. चीर असलेला रूळ बाहेर जाऊ देला नाई. आता म्हातारपणी कुत्रं जाऊ देऊ?"

मी म्हटलं, पिल्लाचा बापही बघायला मिळेल का? आई आहे, बाप दिसत नाही, हा मुद्दा मला मोठा भेदक वाटला होता. काकांनी माझ्याकडे करुणेने बघितलं.

"बाप नागपूरले राह्यते."

मग समजावलं. ज्याच्या घरात नर-मादी दोन्ही आहेत तो सोयीचं लग्न लावते. आपल्या मादीला काय उणं आहे ते ओळखून त्याला पुरा पडणारा नर शोधायचा, मग तो नागपूरला असो नाहीतर हैदराबादला, रक्ताचं नातं नाही ना ते बघायचं, त्याचाही खुबा बघायचा, आणि मग ठमीला घेऊन जायचं. "तुमी पिल्लू कायले पाह्यता? माय पाहा. तिच्या अंगावर बसा-उठा. ते भेली तर पिल्लं भेतीन."

ठमी तोवर बाजेखालून उठून हिच्याजवळ आली होती. तिने आधी हिची चप्पल हुंगली, मग पर्स, मग पोह्यांची बशी. मग हिच्या पावलावर आपली हनुवटी ठेवून सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. ही पाऊण तास पाय हलवू शकली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही. काका हे सगळं वहीवरून तिरक्या नजरेने बघत होते.

निघताना त्यांनी चार पानी कागद दिला. घरी नेऊन वाचा, पटलं तर सही करून आणा. त्यातली एक अट त्यांनी तोंडी सांगितली: कुत्रं कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात, ठेवणं जमलं नाही तर विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, सोडायचं नाही, इथे आणून द्यायचं. ही गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. कुम्हारीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "माझ्या बाबांनी असं काही लिहून घेतलं नव्हतं."

नंतरच्या आठवड्यात तिने ठमीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. ठमी अजून गाभणही नव्हती, पण पूर्वतयारी. पाठवण्याआधी विचारलेलं बरं म्हणून फोन केला, तर काका ओरडले, "मनुका टाकल्या का?" मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखी बाधतात. लाडू मीच खाल्ले. त्यात चुकून-माकून शंभरेक मनुका असतील.

चार पानी कागद मी पितृपक्षाच्या यादीसारखा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. तो बाहेर निघाला तो आमच्या बाईमुळे. बाई बालोदकडची. पिल्लाची किंमत ऐकून तिने झाडू खाली ठेवला. "कुकुर बर अतका पइसा! हमर गाँव म फोकट म मिलथे." मग म्हणाली, पैसे देऊन घेताय तर आधी कुकुरदेवाला नारळ फोडा. बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे. फणी नागवंशी राजांच्या वेळचं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं मानतात. गाभाऱ्यात शिवलिंग आणि कुत्र्याची मूर्ती. कुत्रं चावलं, डांग्या खोकला झाला की लोक तिथे जातात. (जावं, पण कुत्रं चावल्यावर इंजेक्शन घेऊन मग जावं.)

बाईने गोष्ट सांगितली ती अशी. एक बंजारा कर्जात बुडाला आणि त्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. एका रात्री सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात लपवला, कुत्र्याने तो बघून ठेवला, आणि सकाळी सावकाराचं धोतर ओढत त्याला तिथे नेलं. सावकार खूश झाला. सगळी हकिगत कागदावर लिहून त्याने तो कुत्र्याच्या गळ्यात बांधला, आणि कर्ज फिटलं, जा, म्हणून त्याला मालकाकडे सोडलं. बंजाऱ्याने लांबूनच कुत्रं येताना बघितलं. त्याला वाटलं, पळून आलं, माझी इज्जत घालवली. त्याने काठी मारली. कुत्रं मेलं, आणि मग त्याला गळ्यातला कागद दिसला.

बाई पुन्हा झाडू लागली. मी विचार करत राहिलो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची संगम माहुलीला समाधी आहे, त्याला पालखीचा मान होता म्हणतात, तसंच हे. पण खरं सांगायचं तर खंड्याला मी दोन मिनिटांत विसरलो आणि ड्रॉवर आठवत राहिला.

रात्री जेवण झाल्यावर मी कागद काढला. पान तीन, कलम अकरा: 'फाटकाच्या दोन गजांमधून मूठ जाता कामा नये.' आठ आठवड्यांचं पिल्लू जिथून मूठ जाते तिथून डोकं घालतं, आणि मग पुढे जातं किंवा अडकतं, दोन्ही वाईट. टॉर्च घेऊन बाहेर गेलो. बावीस वर्षं मी ते फाटक रोज उघडतो-लावतो. चौथ्या-पाचव्या गजांमध्ये मूठ घातली. आरामात गेली. मग मनगटावरचं घड्याळ पलीकडे गेलं आणि पट्ट्याची कडी गजाला अशी काही अडकली की हात मागे येईना. साडेदहा वाजले होते. गल्लीतला काळू आला, त्याने माझी बोटं नीट तपासली आणि चाटून काढली. समोरचे अग्रवाल शतपावली करत होते. ते म्हणाले, "क्या भाईसाहब, अंदर नहीं लिया क्या भाभी ने?" ही खोबरेल तेल घेऊन आली. मला वाटलं, हसेल. ती वाकून बाकीच्या गजांमधून एकेक करून आपली मूठ घालून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. सगळ्या फाटकाला खालून चार फूट जाळी बसली. तिचा फोटो हिने आधी भिलाईला पाठवला, मग लेकीला. काकांचं उत्तर दोन शब्दांचं आलं: 'बरं हाय.' खाली पुन्हा एक ओळ: ठमी अजून माजावर आली नाही, तिथून पुढे नागपूर, मग त्रेसष्ट दिवस, मग छप्पन्न. यादीत आमच्या आधी तिघं आहेत, त्यातला एक नापास होईल असं त्यांना वाटतं.

फक्त एक अडचण झाली. इतकी वर्षं पेपरवाला फाटकाच्या गजांमधून पेपर आत सरकवायचा. आता जाळीमुळे तो आत जात नाही, आणि वरून टाकला तर कढीपत्त्याच्या कुंडीत पडून भिजतो. तीन दिवस भिजल्यावर मीच त्याला बंद करायला सांगितलं. म्हणजे तूर्त आमचं घर विदाउट पेपर आहे.